हनुवटीवरचे केस, स्कार्फ आणि माझी मुलगी

कडकभाकरी | २२ एप्रिल

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. घरात कुणाशी बोलता येत नाहीये, म्हणून तुमच्यापुढे मांडते.

सोलापूरचा एप्रिल सोलापूरकरांना वेगळा सांगायला नको. मुलगी सतराची, बारावीत. जुळे सोलापूरहून क्लासला गाडीवर जाते, तोंडाला स्कार्फ. आपल्याकडे सगळ्याच पोरी बांधतात, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. पण ही घरात आल्यावरही तो सोडत नाही. जेवताना एका हाताने हनुवटीवर ओढून धरते. क्लासमध्ये पंख्याखालीसुद्धा काढत नाही, असं तिच्या मैत्रिणीच्या आईने सांगितलं तेव्हा मनात पाल चुकचुकली.

परवा दुपारी लाईट गेली होती. ती घामाघूम होऊन झोपलेली आणि स्कार्फ सरकलेला. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना काळे ठिपके, मधे मधे लालसर पुटकुळ्या, दोन ठिकाणी उकरल्याचे व्रण. उशीखाली चिमटा. तो चिमटा माझा होता.

मी बावीस वर्षांची असल्यापासून हनुवटीवरचे केस उपटते. सगळे उठायच्या आधी, गच्चीच्या दारात उजेडाला उभी राहून. आज त्रेचाळीसची आहे. इतक्या वर्षांत नवऱ्यालाही कळू दिलं नाही. माझ्या आईला एकदाच सांगितलं होतं, ती म्हणाली, "असू दे की गं, कोण बघालंय?" मी लेकीला तेवढंही सांगितलं नाही. तिने चिमटा कुठे ठेवलेला असतो ते शोधलं आणि माझ्यासारखंच गुपचूप सुरू केलं.

आणखी काही गोष्टी सांगून ठेवते. तिची पाळी बाराव्या वर्षी आली, पण अजून दोन-अडीच महिन्यांनी येते. मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा आहे, तो मळ समजून मी तिला घासायला लावायचे. गेल्या वर्षी नात्यातल्या एकीने मेडिकलमधून गोरं करणारी ट्यूब आणून दिली, ती ही आठ महिने लावत होती. आधी चेहरा उजळला, आता उन्हात गेली की लालबुंद होतो आणि गालांवरही बारीक लव आलीये.

सुरुवात कुठून करू? पार्लर, त्वचेचे डॉक्टर की बायकांचे डॉक्टर?

थ्रेडिंगताई | २२ एप्रिल

ताई, आधी एक करा. आज रात्रीच तिला जवळ घेऊन सांगा की मलाही आहेत. मी सोळा वर्षं पार्लर चालवते. मुली खुर्चीत बसतात, आरशात बघत नाहीत, डोळे मिटून म्हणतात "भुवया करा, आणि इथलं पण." "इथलं" म्हणताना बोट हनुवटीकडे जातं आणि आवाज खाली येतो. शेजारच्या खुर्चीवर ओळखीची बाई असली तर तेवढंही म्हणत नाहीत. माझ्याकडे आता कोपऱ्यात पडदा लावलाय, त्यासाठीच.

दोऱ्याने काढते मी, पण खरं सांगते, हनुवटीचे राठ केस महिन्यातून तीनदा काढायला लागले की मी त्या मुलीला डॉक्टरकडे पाठवते. गिऱ्हाईक कमी होतं म्हणून काही पार्लरवाल्या सांगत नाहीत. मला ते पटत नाही. चिमट्याने आतून तुटलेला केस कातडीखाली वळतो आणि तिथेच गाठ होते. तुमच्या लेकीच्या पुटकुळ्या त्याच्याच असणार.

त्वचा_ओपीडी | २२ एप्रिल

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, सोलापुरातच काम करते. इथून कुणाची तपासणी होत नाही, पण दिशा सांगता येते.

कडकभाकरी, तुम्ही एकाच पोस्टमध्ये चार खुणा लिहिल्या आहेत: हनुवटीवरचे राठ केस, लांबणारी पाळी, मानेवरचा काळा पट्टा, आणि आईलाही तेच. मानेवरचा तो पट्टा मळ नाही. कातडी तिथे जाड आणि मखमली होते, कितीही घासली तरी जात नाही. शरीरात इन्सुलिन जास्त झाल्याचं ते बाहेरून दिसणारं चिन्ह आहे. घासणं आजपासून बंद करा, घासल्याने ती आणखी काळवंडते.

आता केसांचं. लव वेगळी आणि राठ केस वेगळे. लव सगळ्या बायकांच्या चेहऱ्यावर असते, मऊ, फिक्या रंगाची. टेस्टोस्टेरॉन पुरुषांचं म्हणून ओळखलं जातं, पण ते प्रत्येक बाईच्या शरीरात थोडं असतंच. अंडाशय आणि मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी ते तयार करतात. ते वाढलं, किंवा तितकंच असूनही केसाच्या मुळाला ते जास्त जाणवू लागलं, की ओठावर, हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली लवेचं रूपांतर जाड काळ्या केसांत होतं. यालाच हिर्सुटिझम म्हणतात. मूल होण्याच्या वयातल्या साधारण ५ ते १० टक्के बायकांमध्ये हे आढळतं. म्हणजे सोलापुरातल्या प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी आहे आणि प्रत्येकीला वाटतं की आपण एकटीच.

मोजायची एक पद्धत आहे, फेरीमन आणि गॅलवे यांच्या नावाची, १९६१ सालची. पुढे थोडी सुधारून आज जी वापरतात तिच्यात शरीराच्या नऊ जागा, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ३६. साधारण ८ किंवा जास्त आले तर हिर्सुटिझम धरतात. मनगटापासून कोपरापर्यंतचे आणि पोटऱ्यांवरचे केस त्यात मोजतच नाहीत, तिथे केस असणं हा आजार नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण हातावरच्या केसांसाठी रडत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मी नेहमी पहिला विचारते: किती दिवसांत वाढले? वयात आल्यापासून हळूहळू वाढत गेले तर घाबरण्यासारखं फारसं नसतं. सहा महिन्यांत एकदम वाढले, आवाज जाड झाला, कपाळाच्या कोपऱ्यांवर टक्कल पडू लागलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं.

ट्यूबबद्दल उद्या सविस्तर लिहिते. तोवर ती फेकू नका, तपासणीला जाताना सोबत न्या.

कडकभाकरी | २२ एप्रिल

डॉक्टर, हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तिची मान मी स्वतः घासलीये, साबण लावून, रागावून.

केस नववीपासून हळूहळू वाढले असं ती म्हणाली. हो, रात्री बोलले तिच्याशी. थ्रेडिंगताईंनी सांगितलं तसं. ती आधी काहीच बोलली नाही, मग माझ्या हनुवटीवर बोट फिरवून बघितलं.

त्वचा_ओपीडी | २३ एप्रिल

त्या ट्यूबबद्दल. मेडिकलमध्ये "गोरेपणाची" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र असतात: स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. वांग असलेल्या रुग्णाला डॉक्टर ती काही आठवडेच देतात, तेही लक्ष ठेवून. महिनोन्महिने लावली तर कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, ऊन सोसत नाही, मुरमं येतात आणि गालांवर लव वाढते. गालांवरची ही लव हार्मोनची नाही, स्टेरॉइडची आहे. ट्यूब बंद झाली की काही महिन्यांत ती कमी होते. पण एकदम थांबवली तर चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून डॉक्टर टप्प्याटप्प्याने सोडवतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी घरोघरी ती पोचतातच.

काही औषधांनीही केस वाढतात. फिटची फेनिटॉइन आणि व्हॅलप्रोएट, केसगळतीवरचं मिनॉक्सिडिल, एंडोमेट्रिओसिसला (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) पूर्वी सर्रास दिलं जाणारं डॅनॅझॉल. फिटच्या गोळ्या मात्र कुणीही स्वतःहून बंद करू नयेत. जिममधल्या कुणी दिलेली इंजेक्शनंही डॉक्टरला सांगायची, लपवायची नाहीत.

मंगळवेढे_ज्वारी | २३ एप्रिल

मी पुरुष आहे, चालेल का विचारलेलं? माझी मुलगी सहा वर्षांची. पाठीवर आणि दंडांवर लव आहे. माझी आई रोज तिला कणकेच्या गोळ्याने चोळते, पोर रडते. लहानपणी नीट चोळलं नाही म्हणून राहिली असं आई म्हणते. बायकोला बोल लागतो.

त्वचा_ओपीडी | २३ एप्रिल

दादा, विचारलंत हे फार चांगलं केलंत. तान्ह्या बाळाच्या अंगावरची लव काही आठवड्यांत आपोआप झडते, गोळ्याने चोळलं म्हणून नाही. मुळं कातडीच्या आत असतात, कणीक तिथपर्यंत पोचत नाही. उठतो तो फक्त चट्टा. चोळणं थांबवा आणि आईंना सांगा की डॉक्टरांनी सांगितलंय. अंगभर पसरलेली मऊ लव बहुतेक वेळा घराण्यातली असते. मात्र काखेत किंवा जांघेत आठ वर्षांच्या आत केस आले, किंवा उंची झपाट्याने वाढली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मंगळवेढे_ज्वारी | २३ एप्रिल

आभारी आहे. आईला आजच वाचून दाखवतो.

पूर्वभाग | २५ एप्रिल

कडकभाकरीताई, मी तुमच्या लेकीच्या जागी होते, म्हणून लिहिते. आता २६ ची आहे. अक्कलकोट रोडला घर, घरात तेलुगू, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते.

मला पीसीओएस निघालं, म्हणजे अंडाशयाचा हार्मोन बिघडण्याचा आजार. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, पाकिटावर २१ गोळ्यांचे खण. मी ते पाकीट विडीच्या पानांच्या सुपाखाली ठेवलं होतं. आईला सापडलं. ती शेजारणीकडे घेऊन गेली, तिने सांगितलं या पोरं होऊ नये म्हणून घेतात. त्या रात्री घरात जे झालं ते मी इथे लिहीत नाही. गोळ्या बंद झाल्या, दीड वर्ष वाया गेलं, पाळी चार-चार महिने येईना.

नंतर सिव्हिलच्या ओपीडीत गेलो. तिथल्या एका डॉक्टरबाईंनी आईला समोर बसवलं आणि तेलुगूत समजावलं, वीस मिनिटं, बाहेर रांग असताना. आईने एकच विचारलं, पुढे मूल होईल ना? बाई म्हणाल्या, होईल, पण आत्ता लक्ष दिलं तर अडचण कमी येईल. त्या दिवसापासून आई स्वतः रात्री भाकरी झाल्यावर गोळी हातावर ठेवते.

एक बघायला आलेलं स्थळ आठवतं. मुलाची मावशी माझ्या शेजारी बसली आणि माझा चेहरा उजेडाकडे वळवून बघितला, बाजारात वांगं बघावं तसा. नकार आला. मी आठवडाभर जेवले नाही. आज आठवलं तरी गाल गरम होतात.

त्वचा_ओपीडी | २५ एप्रिल

पूर्वभाग, तुझ्या आईला माझा नमस्कार.

या गोळ्यांबद्दल गैरसमज एवढे आहेत की स्वतंत्र लिहिते. १९३५ मध्ये स्टाईन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यालाच आज पीसीओएस म्हणतो. हिर्सुटिझमच्या दर दहा बायकांपैकी सात-आठ जणींच्या मुळाशी तोच असतो. इन्सुलिन जास्त झालं की ते अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. त्याच वेळी यकृतात तयार होणारं एक प्रथिन कमी होतं. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. ते कमी झालं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, आणि केसाच्या मुळावर मोकळंच काम करतं.

गर्भनिरोधक गोळी दोन्हीकडून काम करते. अंडाशयाला येणारा हुकूम शांत करते आणि यकृतातलं ते प्रथिन वाढवते. म्हणून लगेच मूल नको असेल तेव्हा हिर्सुटिझमला सहसा हीच पहिली दिली जाते, लग्न झालेलं असो वा नसो. तिने वांझपण येत नाही. पण सगळ्यांना चालत नाही: पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी असेल, रक्तदाब खूप असेल, यकृताचा आजार असेल, किंवा पस्तिशीनंतर तंबाखू ओढायची सवय असेल तर नाही. मैत्रिणीचं पाकीट मागून घ्यायची ही गोष्ट नव्हे.

सहा महिन्यांनी पुरेसा फरक पडला नाही तर काही जणींना टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणारी स्पायरोनोलॅक्टोन जोडतात. त्या काळात दिवस राहता कामा नयेत, पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. पोटॅशियमही बघावं लागतं. मेटफॉर्मिनबद्दल नेहमी विचारतात. साखर आणि पाळीसाठी ती उपयोगी, केसांसाठी तिचा फारसा भरवसा नाही.

आणि सहा महिने हा आकडा घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आज मुळात असलेला केस आपलं आयुष्य पूर्ण करून गळतो, तेव्हा कुठे पुढचा बारीक येतो. बहुतेक मुली तिसऱ्या महिन्यात "काही होत नाही" म्हणून गोळी सोडतात.

विजापूर_वेस | २७ एप्रिल

लेझरचं माझं सांगते, कारण कुणीतरी "एकदा केलं की कायमचं गेलं" असं सांगेल आणि तुम्ही पैसे भरून बसाल.

मी सात सिटिंग केली, दर सहा आठवड्यांनी. पहिल्याच दिवशी विचारलं, यंत्र कोणतं? कारण आपल्या सावळ्या कातडीला प्रत्येक लेझर चालत नाही. किरण काळा रंग शोधतो. गोऱ्या कातडीत काळा फक्त केस असतो, आपल्याकडे कातडीही असते, मग ती भाजते. १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग किंवा डायोड जातीचं लेझर असेल तर आपल्याला जास्त सुरक्षित, असं मला नीट समजावून सांगितलं. मेच्या उन्हात सुरूच करायचं नाही म्हणाले, पावसाळ्यात या. आधी काही आठवडे चिमटा, दोरा, वॅक्स सगळं बंद, कारण मूळच उपटलं तर किरणाला धरायला काही उरत नाही. रेझर चालतो.

आवाज येतो चटचट, रबर बँड ताणून सोडल्यासारखं लागतं, जळक्या केसांचा वास येतो. चौथ्या सिटिंगनंतर हनुवटी अशी मऊ लागली की मी रिक्षात सारखा हात फिरवत होते.

पण मी पीसीओएसच्या गोळ्या मधेच सोडल्या होत्या. वर्षाने नवे केस आले. जबड्याच्या कडेला तर आधी नव्हते तिथेही आले. लेझरने क्वचित उलट केस वाढतात, आपल्यासारख्या कातडीच्या बायकांत चेहऱ्याच्या कडेला आणि गळ्यावर जास्त, हे मला नंतर कळलं. ते आधीच सांगायला हवं होतं. त्या क्लिनिकने सांगितलं नाही, सात सिटिंगचं पॅकेज मात्र पहिल्या दिवशी भरून घेतलं. आता दुसरीकडे औषधं चालू ठेवून वर्षातून एक-दोन सिटिंग घेते.

पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही. तिथे सुईची इलेक्ट्रोलिसिस लागते, एकेक केस. १८७५ मध्ये पापणीच्या आत वळणाऱ्या केसांसाठी एका डोळ्यांच्या डॉक्टरने ती पहिल्यांदा केली म्हणे.

थ्रेडिंगताई | २७ एप्रिल

रेझरवरून. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका म्हणतात, रेझर लावला तर दाढीच येईल. डॉक्टर, हे खरं का?

त्वचा_ओपीडी | २७ एप्रिल

अजिबात नाही. १९२८ मध्ये मिल्ड्रेड ट्रॉटर या शास्त्रज्ञ बाईंनी हे मोजून पाहिलं होतं. कापल्याने केस जाड होत नाही, जलदही वाढत नाही. आपोआप वाढलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट, म्हणून बोटाला टोचतो आणि जाड वाटतो. मूळ आत आहे, पात्याला ते दिसतही नाही. राठ केस असलेल्या मुलीने स्वच्छ रेझर वापरला तर चिमट्यापेक्षा ते बरं. तुमच्या गिऱ्हाइकांना माझ्या वतीने सांगा.

एकतारी | २ मे

मुलींनो, मी ५८ ची. माझी गोष्ट वेगळी आहे, वाचा.

आमचं भजनी मंडळ आहे. मी पेटीच्या काळी चार पट्टीत गायचे. तीन वर्षांमागे गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेनंतर वरचा सा लागेना. दोन महिन्यांत पट्टी उतरत काळी एकवर आली. सगळ्या म्हणाल्या, थंडी बाधली, ज्येष्ठमध खा. मी ज्येष्ठमध चघळत राहिले. मग हनुवटीवर केस आले, चार-दोन नव्हेत, नातू गालाला गाल लावायचा तर "आजी टोचतंय" म्हणायचा. डोक्यावरचे मात्र कपाळाकडून विरळ झाले. पाळी जाऊन सात वर्षं झालेली, त्यामुळे म्हातारपण म्हणून सगळं अंगावर घेतलं.

सून फार्मसी शिकलेली. फोनवर माझा आवाज ऐकला तिने आणि म्हणाली, आई, हा आवाज तुमचा नाही. ओढत घेऊन गेली. टेस्टोस्टेरॉन निघालं २६०. या वयाच्या बाईचं ते त्याच्या पासंगालाही नसतं असं डॉक्टर म्हणाले. डाव्या अंडाशयात लहानशी गाठ होती. सोनोग्राफीत पहिल्यांदा दिसलीही नाही, पुढच्या तपासणीत सापडली. दोन्ही अंडाशयं काढली. गाठ साधी निघाली, पांडुरंगाची कृपा.

महिन्याभरात रक्तातला आकडा उतरला. केस वर्षभर विरळ होत गेले, उरलेले थ्रेडिंगताईंसारखी एक पोरगी काढून देते. आवाज पुरता परत आला नाही. आता मी काळी दोनमध्ये गाते. पण गाते.

त्वचा_ओपीडी | २ मे

एकतारी काकू, तुमची पोस्ट मी आमच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे, नाव न घेता. परवानगी आहे ना?

पाळी गेल्यावर हनुवटीवर पाच-सहा केस येणं नेहमीचं आहे, त्याने कुणी घाबरू नये. काकूंचं वेगळं होतं ते वेगामुळे आणि आवाजामुळे. टेस्टोस्टेरॉन दर डेसिलिटरला १५० ते २०० नॅनोग्रॅमच्या वर गेलं की आम्ही गाठ शोधतोच. अंडाशयात नसली तर अॅड्रिनलमध्ये. चेहरा गोल फुगणं, पोटावर जांभळे ओरखडे, जरा लागलं की काळंनिळं होणं, जिना चढताना मांड्यांत जोर नसणं, हे सोबत असेल तर कुशिंगचा, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल जास्त होण्याच्या आजाराचा विचार करावा लागतो.

एकतारी | २ मे

परवानगी कसली मागता. वाचा की खुशाल.

कडकभाकरी | १८ जून

धागा वर काढते. सगळं झालं, सविस्तर लिहिते.

आधी एका लॅबमध्ये आम्ही आपणहून सोनोग्राफी करून घेतली, पोटात लिटरभर पाणी घेऊन दोन तास बसवलं. रिपोर्टवर "पीसीओ दिसते". पोरगी इतकी घाबरली की मला कॅन्सर आहे का विचारत होती. मग डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला. म्हणाले, पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत अंडाशयात बारीक बारीक पिशव्या दिसणं स्वाभाविक असतं, या वयात सोनोग्राफीवरून ठरवायचंच नसतं. पाळी आणि वाढलेलं टेस्टोस्टेरॉन किंवा त्याची लक्षणं, यांवर ठरतं. मोठ्या बायकांत तीनपैकी दोन गोष्टी बघतात, तिथे सोनोग्राफी तिसरी.

रक्त सकाळी आठला, पाळीच्या तिसऱ्या दिवशी घेतलं. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन म्हणून एक. ते शेवटचं कशासाठी, तर अॅड्रिनलमध्ये एक जन्मजात सौम्य दोष असतो, तो वरवर अगदी पीसीओएससारखाच दिसतो. तो तिला नाहीये. ती केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खात होती, त्या आधी बंद करायला लावल्या, कारण त्याने हार्मोनचे आकडे चुकीचे येऊ शकतात. हे मला कुठेही वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

टेस्टोस्टेरॉन थोडं वाढलेलं. बाकी ठीक. गोळी सुरू केलीये. ट्यूब हळूहळू सुटतेय, पहिले पंधरा दिवस चेहरा फार आगला. वजन ७१ आहे, पाच किलो उतरलं तरी पाळीला फरक पडेल म्हणाले. उपाशी ठेवायचं नाही. पोळी कमी करून ज्वारीची भाकरी, शेंगाचटणीला तेल कमी, आणि संध्याकाळी आम्ही दोघी सिद्धेश्वर तलावाच्या कडेने चालतो.

चालताना बोलते ती. घरात बोलत नाही.

पूर्वभाग | १९ जून

ताई, चालताना मीही तिथेच असते कधी कधी. दिसलात तर हाक मारते.

बेसन, हळद, पपई यातलं मी सगळं करून पाहिलंय, तिला सांगा वेळ घालवू नको. पुदिन्याच्या चहाने हार्मोन थोडं उतरलं असं लहान अभ्यासांत दिसलंय, पण केसांत फरक पडलेला नाही.

कडकभाकरी | २९ डिसेंबर

सहा महिने झाले.

हनुवटीवरचे नवे केस बारीक येतायत. पूर्वी ती दोन दिवसांनी चिमटा घ्यायची, आता दहा-बारा दिवसांनी रेझर. व्रण फिके पडलेत. गालांवरची लव जवळजवळ गेली. पाळी गेले पाच महिने वेळेवर. मानेचा पट्टा अजून आहे, पण कडा पुसट झाल्यात. लेझर बारावीच्या परीक्षेनंतर, पावसाळ्यात, आणि गोळ्या चालू ठेवूनच. विजापूर_वेस, तुमच्यामुळे यंत्राचं नाव आधी विचारलं.

दिवाळीत पणत्या लावताना स्कार्फ नव्हता. मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही.

दुसरं म्हणजे, डॉक्टरांनी जूनमध्ये तिच्या फाइलवर लिहिताना माझ्याकडे बघून विचारलं होतं, "तुमचं कधी तपासलंय?" मी हसून टाळलं. ऑक्टोबरमध्ये लेकीने स्वतः हाताला धरून नेलं. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पीसीओएस असलेल्या बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो, केस हा त्याचा फक्त बाहेरून दिसणारा भाग होता. एकवीस वर्षं मी तो पहाटे उपटून टाकत होते. पहिल्या बाळंतपणात साखर वाढली होती, दुसरं राहायला चार वर्षं लागली, तेव्हाही मला कुणी केसांबद्दल विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

नवऱ्याला सांगितलं त्याच रात्री. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटायचं पहाटे गच्चीत जप करतेस."

माझी पुढची तपासणी संक्रांतीनंतर आहे, १९ जानेवारीला. तिचीही त्याच दिवशी घेतली, एकाच रिक्षात जाऊ.